साखळी ताणली म्हणजे ट्रेलर सुरक्षित झाला, हा समज चुकीचा आहे

गोदाकाठ
काल इथे 'घाटवाट' यांनी कॅम्पर ट्रेलर ओढणाऱ्या नव्या मंडळींना सल्ला दिला की, वेट डिस्ट्रिब्युशन हिचच्या (ट्रेलरचा भार चाकांच्या सगळ्या आखांवर वाटणाऱ्या जोडणीच्या) स्प्रिंग बारची, म्हणजे लवचिक पोलादी दांड्यांची, साखळी गाडीची मागची बाजू पूर्ण वर येईपर्यंत ताणावी, आणि गाडी सपाट दिसू लागली की ट्रेलरमधले सामान कुठेही ठेवले तरी चालते. हे वाचून मला राहवले नाही. याच समजुतीने मी साखळी ताणली होती आणि पावसात कसारा घाट उतरताना माझ्या गाडीची मागची चाके घसरली. मागच्या सीटवर माझी दोन्ही मुले होती.

ट्रेलरची धुरी, म्हणजे पुढचा ओढायचा दांडा, गाडीच्या मागच्या आखाच्याही मागे, हुकाच्या बॉलवर टेकते. समजा, बॉलवर १५० किलो भार आहे, बॉल मागच्या आखापासून १.२ मीटर मागे आहे आणि गाडीच्या दोन आखांत २.७ मीटर अंतर आहे. तरफेच्या हिशेबाने पुढच्या आखावरचे सुमारे ६७ किलो कमी होतात आणि मागच्या आखावर १५० नव्हे, तर २१७ किलो वाढतात. मग स्टिअरिंग हलके लागते, पुढच्या ब्रेकची पकड घटते आणि रात्री दिव्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्प्रिंग बार हा भार मागच्या आखावरून काढून काही पुढच्या आखाकडे आणि काही ट्रेलरच्या आखाकडे सरकवतात.

म्हणून माप पुढच्या मडगार्डचे घ्यावे: आधी ट्रेलर न जोडता, मग जोडून पण बार न लावता, आणि शेवटी बार लावून. पुढची बाजू जितकी उचलली गेली, त्याच्या निम्म्याहून थोडी अधिक खाली आली की साधारणपणे थांबावे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल, तर पुस्तिकेचे ऐकावे. पुढची बाजू मूळ उंचीपेक्षाही खाली बसली, तर मागची चाके हलकी झाली असे समजावे, आणि ओल्या उतारावर हलकी मागची चाके जिवाशी खेळ करतात.

घाटवाट
मी सात वर्षे ट्रेलर ओढतो आहे. सापुतारा, भंडारदरा, तोरणमाळ हे सगळे रस्ते मी त्याच हिचवर केले आहेत. साखळी सैल असताना महामार्गावर शेजारून ट्रक गेला की माझा ट्रेलर शेपटी हलवत असे. मी साखळी दोन कड्या आखडली आणि ते थांबले. हा माझा प्रत्यक्ष अनुभव आहे आणि तो कागदावरच्या हिशेबाने खोटा ठरत नाही. एका घसरणीवरून आपण सगळ्यांना घाबरवत आहात, हे मला पटत नाही.

निफाडकर बागायतदार
घाटवाट साहेब, शेपटी हलते याचा अर्थ तुमचा ट्रेलर उलार आहे. माझे वडील बैलगाडीत माल भरायचे तेव्हा एका हाताने जू उचलून बघायचे. जू सहज वर आले तर गाडी उलार, म्हणजे दोन पोती पुढे सरकवायची. उचलवतच नसेल तर बैलांच्या मानेवर ओझे जास्त, म्हणून दोन पोती मागे. साट्यावर माल कुठे बसतो यावरच सगळे ठरते. तुम्ही लोक माल चुकीचा भरता आणि हजारो रुपयांचा लोखंडी सांगाडा लावून ती चूक झाकता. माझ्या मते या हिचची गरजच नाही.

सातपूरचा फॅब्रिकेटर
दादा, माल नीट भरावा हे मान्य, पण बैलगाडीचा दाखला इथे अर्धाच लागू पडतो. बैलांच्या मानेवरचा भार बैलांच्या पायांतून थेट जमिनीत जातो. गाडीच्या बॉलवरचा भार मागच्या आखाच्या पलीकडे पडतो आणि पुढची बाजू उचलतो. ट्रेलरच्या वजनाचा दहा ते पंधरा टक्के भार धुरीवर नसेल तर ट्रेलर डोलण्याचा धोका वाढतो, आणि तेवढा ठेवला की पुढची चाके हलकी होणारच. पहिल्या दोषावर उपाय माल हलवणे हा आहे आणि दुसऱ्यावर स्प्रिंग बार. एकाचे काम दुसरा करत नाही.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. लोक वाकलेला बार घेऊन येतात आणि वेल्डिंग करून द्या म्हणतात. स्प्रिंगच्या पोलादाला वेल्डिंगची उष्णता लागली की त्याचे पाणी, म्हणजे दिलेला कडकपणा, उतरते आणि तो जोडाशेजारीच तुटतो. मी असे काम परत पाठवतो, तर शेजारचा कोणीतरी ते करून देतो.

निफाडकर बागायतदार
पुढची बाजू उचलली जाणे काय असते, हे मला कोणी शिकवू नये. दोन चाकी ट्रॉलीत ऊस भरून शेतातून बांधावर चढताना माझ्या ट्रॅक्टरची पुढची चाके हातभर उचलली गेली होती. ट्रॉली ड्रॉबारला न लावता वरच्या बाजूला अडकवली होती, ही चूक माझ्या गड्याची. त्या दिवसापासून पुढच्या बंपरला वजने लावल्याशिवाय ट्रॉली हलत नाही. ट्रॅक्टरवाले पुढे वजन टांगून भागवतात; त्यांना स्प्रिंग बार लागत नाहीत.

देवळालीकर
ट्रॅक्टर ताशी वीस किलोमीटरने जातो, दादा. तुम्ही ऐंशीच्या वेगाची तुलना त्याच्याशी करत आहात. गाडीच्या नाकावर शंभर किलो टांगले, तर गाडीचे एकूण वजन वाढेल आणि मागच्या आखावरचा जादा भार जवळपास तसाच राहील. मात्र एका बाबतीत तुमचे बरोबर आहे. युरोपात लहान कॅराव्हान स्प्रिंग बारशिवाय चालतात, कारण तिथे धुरीवरचा भार सहसा शंभर किलोच्या आत ठेवतात आणि ओढण्याच्या वेगावर कडक मर्यादा असते. आपल्या गाडीच्या हुकाची मर्यादा किती, हे आधी पाहायला हवे. ती ओलांडली असेल तर बार लावून ती वाढत नाही.

गोदाकाठ
ट्रॅक्टरवर चर्चा पुष्कळ झाली. घाटवाट साहेब, माझी एकच विनंती आहे. आपल्याकडे प्रत्येक कांदा बाजाराच्या वाटेवर भुईकाटा आहे. तिथे गाडी न्या आणि दोन आखांची वजने वेगवेगळी घ्या. मग आपण भांडू.

घाटवाट (आठ दिवसांनी)
विनंती मानायची माझी इच्छा नव्हती, तरीही गेलो. पिंपळगावजवळच्या एका काट्यावर, सकाळी गर्दी होण्याआधी.

नुसती गाडी: पुढचा आख ९८० किलो, मागचा १,१७०. ट्रेलर जोडून, बार न लावता: पुढचा ९४०, मागचा १,३००. म्हणजे धुरीवर फक्त ९० किलो, आणि ट्रेलर मात्र १,२०० किलोंचा. निफाडकर दादांचे म्हणणे खरे निघाले; ट्रेलर उलार होता. पाण्याची १०० लिटरची टाकी मागच्या टोकाला आहे आणि मी ती भरूनच निघत असे. आता माझ्या नेहमीच्या ताणाने बार लावले, तर पुढचा १,०३० आणि मागचा १,१३०. ट्रेलर जोडलेला असताना मागची चाके नुसत्या गाडीपेक्षाही हलकी. हा आकडा मी दोनदा तपासून घेतला.

टाकी रिकामी केली, बॅटरी आणि गॅसची टाकी पुढे घेतली. धुरीवर १४० किलो आले. बार न लावता पुढचा आख ९२० झाला, आणि साखळी दोन कड्या सैल करून लावल्यावर ९६०. येताना महामार्गावर तीन ट्रक शेजारून गेले. ट्रेलर हलला नाही. साखळीविषयी मी चुकलो, हे मान्य करतो. मात्र स्प्रिंग बारची गरजच नाही, हे निफाडकर दादांचे मत मी मान्य करणार नाही. बारशिवायचे ते ९२० किलो घेऊन मी कोणत्याही घाटात उतरणार नाही.

निफाडकर बागायतदार
तुमच्या गाडीपुरते मान्य. माझ्या ट्रॉलीपुरते नाही. काटेवाल्याने एकेका आखाचे वजन करू दिले का? आमच्याकडचा तर पूर्ण गाडी चढवल्याशिवाय पावती देत नाही.

घाटवाट
पावती पूर्ण गाडीचीच दिली. आखाचे आकडे मी त्याच्या पडद्यावरून वहीत उतरवून घेतले, आणि त्याने प्रत्येक खेपेचे पैसे घेतले.