शब्दचर्चा: जनुकाची ‘प्रत’, ‘नक्कल’ की ‘द्विरावृत्ती’?

ठिपका
उत्क्रांतीवरचा एक लेख मराठीत आणते आहे. विषय असा की एका जनुकाची दोन जनुके होतात, मग लाखो वर्षांत त्या जोडीचे काय होते. इंग्रजीतल्या ‘जीन डुप्लिकेशन’साठी मी ‘जनुकाची प्रत तयार होणे’ लिहिले होते. संपादकांनी ते खोडले. म्हणतात, पेशी विभागताना डीएनएची नक्कल होते तेच वाचक समजणार. द्विगुणन, द्विरुक्ती, द्विरावृत्ती असे तीन पर्याय हाताशी आहेत. शिवाय लेखात ‘मूळ जनुक’ आणि ‘नक्कल’ ही जोडी सारखी येते, तीही खटकते आहे. जाणकारांनी सांगावे.

जुनी वही
संपादकांचा मुद्दा रास्त आहे. पेशी विभागते तेव्हा सगळ्याच डीएनएची प्रत निघते, दोन्ही पेशींना एकेक संच मिळतो आणि जनुकांची संख्या होती तेवढीच राहते. तुम्हाला सांगायचे आहे ते निराळे आहे. एकाच संचात एकाच्या जागी दोन जनुके बसतात आणि ती तशीच पुढच्या पिढीत उतरतात. त्यातून दहावीच्या पुस्तकात डीएनएवरून आरएनए तयार होण्याला ‘प्रतिलेखन’ म्हटले आहे, म्हणजे ‘प्रत’ तिथेही अडकलेली.

माझे मत ‘द्विरावृत्ती’ला. ‘द्विरुक्ती’त उक्ती आहे, ती बोलण्यालिहिण्यापुरती ठेवावी. ‘द्विगुणन’ मी संपूर्ण जनुकसंच दुप्पट होण्यासाठी राखून ठेवेन. तेही घडते. पावासाठी वापरतात त्या यीस्टच्या पूर्वजांत साधारण १० कोटी वर्षांपूर्वी घडले, आणि बहुतेक हाडांच्या माशांच्या पूर्वजांत त्याच्याही खूप आधी.

‘द्विरावृत्ती’ शोभते याचे एक कारण जुन्या प्रयोगांत आहे. फळमाशीत ‘बार’ नावाचा एक प्रकार असतो, त्यात डोळा गोल न राहता उभ्या पट्टीसारखा अरुंद होतो. १९३६ साली कॅल्विन ब्रिजेस यांनी अळीच्या लाळग्रंथीतली जाडजूड गुणसूत्रे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, तर पट्ट्यांचा एक तुकडा लागोपाठ दोनदा दिसला. तोच मजकूर पुन्हा, शेजारी शेजारी. आवृत्तीच ती.

पानवेल
‘द्विरावृत्ती’ला +१. फक्त ‘तिरावृत्ती’चा प्रश्न कुणी काढू नये. काही माणसांत लाळेतल्या अमायलेजची (पिष्ट पचवणाऱ्या विकराची) जनुके दहाच्या वर असतात. तिथे सरळ ‘जनुकांची संख्या वाढली’ म्हणावे.

नळी आणि काच
मी रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे ‘मूळ’ आणि ‘नक्कल’ यावर थोडे सविस्तर लिहिते.

रक्तातले हिमोग्लोबिन दोन प्रकारच्या प्रथिन-साखळ्यांचे बनते. त्याचे प्रकार वेगळे करून मोजणाऱ्या एचपीएलसी तपासणीच्या रिपोर्टमध्ये तीन ओळी हमखास असतात: ए, ए-टू आणि एफ. तिन्हींत अल्फा साखळी तीच, जोडीदार साखळी बदलते. ‘ए’मध्ये बीटा, ‘ए-टू’मध्ये डेल्टा, ‘एफ’मध्ये गॅमा. बीटा, डेल्टा आणि दोन गॅमा ही जनुके अकराव्या गुणसूत्रावर एका रांगेत आहेत. रांगेच्या सुरुवातीला एप्सिलॉन, ते गर्भाच्या अगदी पहिल्या आठवड्यांत चालते (म्हणजे त्यावरून साखळी बनते). ही सगळी एकाच पूर्वज-जनुकाच्या वारंवार झालेल्या द्विरावृत्तीतून आली. आता यातले मूळ कुठले? बीटा सर्वांत जास्त चालते म्हणून तेच मूळ, असे माझे सहकारीसुद्धा गृहीत धरतात. तसे काही नाही. द्विरावृत्ती झाली त्या क्षणी दोन्ही जनुके तंतोतंत सारखी होती, आणि नंतर दोन्हींत बदल साठत गेले. आज आहे ते बीटाही बदललेलेच आणि डेल्टाही.

डेल्टा कमी चालते कारण त्याच्या सुरुवातीचा, जनुक चालू करणारा भाग दुबळा पडला आहे. म्हणून निरोगी प्रौढात ए-टू साधारण २ ते ३ टक्केच दिसते. ते ३.५ टक्क्यांच्या वर गेले की बीटा थॅलेसेमियाचा (बीटा साखळी कमी बनण्याच्या आनुवंशिक आजाराचा) वाहक असल्याची शंका येते, कारण बीटा कमी पडल्यावर डेल्टाचा वाटा वाढतो. म्हणजे ज्या जनुकाला कुणीही ‘फालतू नक्कल’ म्हणेल, त्याच्यावर आमची अर्धी तपासणी उभी आहे!

गॅमाचे तर वेगळेच. त्याच्या साखळीत १४३व्या जागी हिस्टिडिन या अमिनो आम्लाऐवजी सेरीन आहे. त्यामुळे हिमोग्लोबिनला प्राणवायू सोडायला लावणारा, लाल पेशीतला बीपीजी नावाचा रेणू तिला नीट चिकटत नाही, आणि गर्भाचे रक्त आईच्या रक्तातून प्राणवायू ओढून घेऊ शकते. नंदुरबार, गडचिरोली भागातल्या सिकलसेलच्या रुग्णांना हायड्रॉक्सियुरिया हे औषध देतात, त्याचा एक मोठा फायदा म्हणजे हे गॅमा मोठेपणीही थोडे चालत राहते. याला नक्कल म्हणवत नाही.

कुंपणावरचा
पटले, पण सरसकट नियम करू नका. एक प्रकार असा आहे जिथे मूळ आणि नक्कल हा भेद खरोखर आहे. जनुकावरून आरएनए निघतो, त्यातले मधले निरर्थक तुकडे कापले जातात आणि हा कापलेला आरएनए उलट डीएनएत उतरून भलत्याच गुणसूत्रावर जाऊन बसतो. तिथे नक्कल ओळखता येते, कारण तिच्यात ते मधले तुकडे नसतात. उदाहरण म्हणजे पीजीके-वन आणि पीजीके-टू. पहिले एक्स गुणसूत्रावर, तुकड्यांसकट. दुसरे सहाव्यावर, सलग. शुक्राणू तयार होताना एका टप्प्यावर एक्स गुणसूत्र बंद असते, तेव्हा साखरेतून ऊर्जा काढायचे काम या नकलेवर येते. इथे ‘नक्कल’ शब्द चपखल आहे. मात्र असल्या बहुतेक नकला चालू करणाऱ्या भागाविना येतात आणि आल्या तशा निकामी पडून राहतात.

ठिपका
फार उपयोगी. म्हणजे शेजारी शेजारी झालेल्या जोडीला ‘दोन जनुके’ किंवा ‘जोडी’, आणि आरएनएवरून आलेल्याला ‘नक्कल’. पुढचा प्रश्न निकामी झालेल्यांचा. ‘छद्मजनुक’ लिहिलेले मी पाहिले आहे. चालेल?

जुनी वही
‘छद्म’ मला खपत नाही. छद्मवेश, छद्मयुद्ध. या शब्दात फसवण्याचा हेतू येतो. बिचारे जनुक कुणाला फसवत नाही, त्याचे वाचन मध्येच तुटते इतकेच. इंग्रजी शब्दही फार जुना नाही, १९७७ साली एका आफ्रिकी बेडकाच्या आरएनएच्या जनुकांचा अभ्यास करताना तो पहिल्यांदा वापरला गेला. ‘निकामी जनुक’ म्हणा, वाचक अडणार नाही.

पानवेल
अवशेषांगांच्या चालीवर ‘अवशेष जनुक’?

कुंपणावरचा
नको. अवशेषांग पूर्वी कामाचे होते, असा त्या शब्दाचा अर्थ मुलांच्या डोक्यात पक्का बसलेला आहे. क जीवनसत्त्व बनवायचे आपले बिघडलेले जनुक असेल तर ‘अवशेष’ चालेल, कारण ते एकुलते एक होते आणि आपल्या पूर्वजांत खरोखर चालत होते. द्विरावृत्तीतून आलेले जनुक मात्र स्वतंत्र असे काही काम करण्याआधीच बिघडू शकते. आणि बहुतेकांचे तेच होते. लिंच आणि कॉनरी या संशोधकांनी २००० साली अनेक सजीवांची जनुके तपासून अंदाज बांधला, तेव्हा द्विरावृत्त जनुकाचे सरासरी अर्धायुष्य (म्हणजे अशी निम्मी जनुके नाहीशी व्हायला लागणारा काळ) सुमारे ४० लाख वर्षे निघाले. उत्क्रांतीच्या हिशेबात हे काहीच नाही. त्यामुळे ‘दुसरे का बिघडते’ यात नवल कमी, ‘दोन्ही का टिकतात’ यात जास्त. लेखात जोर तिथे हवा.

ठिपका
लेखात तेच आहे. पहिले कारण ‘नवकार्य’, हे जनुकशास्त्रज्ञ सुसुमु ओनो यांच्या १९७० च्या पुस्तकातून आलेले. एक जनुक जुने काम सांभाळते, दुसरे मोकळे असते म्हणून त्याच्यात बदल साठतात आणि क्वचित नवे काम जमते. दुसऱ्या कारणासाठी मी ‘श्रमविभागणी’ लिहिले आहे.

कुंपणावरचा
‘श्रमविभागणी’ काढा. त्यात शहाणपण आणि फायदा दोन्ही येतात. १९९९ साली फोर्स, लिंच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली कल्पना जवळजवळ उलटी आहे. समजा एका जनुकाला दोन ठिकाणी काम करायचे आहे, आणि प्रत्येक ठिकाणासाठी वेगळा चालू-बंद भाग आहे. द्विरावृत्तीनंतर एका जनुकातला पहिला भाग बिघडला, दुसऱ्यातला दुसरा. आता दोघांपैकी कुठलेही गमावून चालत नाही. कुणाचे काही सुधारले नाही, नवे काही मिळाले नाही, दोघांचे नुकसानच झाले आणि त्या नुकसानीमुळेच दोघे टिकले.

त्यांचे उदाहरण झेब्रा माशाचे, म्हणजे आपल्याच गंगेच्या खोऱ्यातल्या पट्ट्यापट्ट्यांच्या माशाचे. उंदरात ‘एनग्रेल्ड-वन’ हे एकच जनुक पायाच्या कोंबातही चालते आणि मेंदूच्या मागच्या भागातल्या व मज्जारज्जूतल्या ठरावीक चेतापेशींतही. झेब्रा माशात त्याची दोन आहेत. एक छातीच्या परांच्या कोंबात चालते, दुसरे त्या चेतापेशींत.

जुनी वही
मग ‘वाटणी’ म्हणा की. मराठीत ‘गर्भिणी’ आणि ‘गाभण’ एकाच मुळाचे. पूर्वी तो शब्द दोन्हीकडे चालला असता, आता बाईला गाभण म्हणायची सोय नाही आणि म्हशीला गर्भिणी म्हटले तर लोक हसतील. दोन्ही शब्द टिकले.

पानवेल
उदाहरण झकास, पण जुळत नाही हो. ‘गाभण’ बोलण्यात झिजत आला आणि ‘गर्भिणी’ संस्कृतातून पुन्हा उचलला. ही शेजारची द्विरावृत्ती नाही, बाहेरून आणलेला आहे. बॅक्टेरियात असे परके जनुक येते, त्याला वेगळा शब्द लागेल. ‘वाटणी’ मात्र ठेवा. वाटणीत दोघांच्याही हिश्शात घट होते, हे मराठी माणसाला समजावून सांगावे लागत नाही.

नळी आणि काच
तिसरे कारण राहू नये: दोन्ही तशीच राहतात, कारण माल जास्त लागतो. सोळाव्या गुणसूत्रावर अल्फा ग्लोबिनची दोन जनुके लागून आहेत आणि दोन्ही हुबेहूब एकच साखळी बनवतात. बदल साठला की एकावरून दुसरे दुरुस्त होत राहते, म्हणून ती इतकी सारखी. पण सारखेपणामुळेच गुणसूत्रे जुळताना एक घर सरकून जुळतात. मग एका गुणसूत्रावर अल्फा एकच उरते आणि दुसऱ्यावर तीन होतात. एकच उरलेली गुणसूत्रे आपल्याकडे, विशेषतः आदिवासी भागांत, बरीच सापडतात. अशा माणसाच्या लाल पेशी किंचित लहान असतात, त्याला लोहाची कमतरता समजून गोळ्या दिल्या जातात. तेव्हा ‘टिकणे’ हा शब्द जपून वापरा. द्विरावृत्ती ज्या वाटेने येते त्याच वाटेने परतही जाते.

ठिपका
सध्याचा मसुदा: ‘द्विरावृत्तीनंतर दोन्ही जनुके सारखीच असतात. बहुतेक जोड्यांतले एक काही लाख वर्षांत निकामी होते. काही जोड्यांत एकाला नवे काम सापडते, काहींत जुन्या कामाची वाटणी होते, आणि काहींत दोन्ही जुनेच काम करत राहतात.’

कुंपणावरचा
‘काही लाख’च्या जागी ‘काही दशलक्ष’ करा. आणि ‘सापडते’ऐवजी ‘जमते’. शोधत कुणी नव्हते.