वाडीवस्तीच्या शाळेत बाई का मिळत नाहीत?

रानवाट : यू-डायस प्लस या केंद्र सरकारच्या शालेय माहिती प्रणालीच्या २०२४-२५ च्या अहवालानुसार देशातील शालेय शिक्षकांमध्ये महिलांचे प्रमाण ५४.२ टक्के आहे. हा आकडा सर्व स्तरांचा आणि सरकारी-खासगी शाळा मिळून आहे हे मान्य, पण आमच्या तालुक्यात त्याचा प्रत्यय फक्त रस्त्यालगतच्या शाळांत येतो. तेथे चार बाई आणि एखादे गुरुजी असतात, तर घाट चढून वर गेले की दोनशिक्षकी शाळांत दोन्ही गुरुजीच. प्रत्येक प्राथमिक शाळेत किमान दोन शिक्षक आणि त्यांपैकी शक्यतो एक महिला, हे तर १९८७ च्या खडू-फळा मोहिमेतच (ऑपरेशन ब्लॅकबोर्ड या केंद्राच्या योजनेत) ठरले होते. महिलांना भरतीत ३० टक्के समांतर आरक्षण (प्रत्येक प्रवर्गातील जागांपैकी राखीव हिस्सा) असूनही असे का होते? दोष भरतीचा की बदल्यांचा?

जुना केंद्रप्रमुख : आरक्षण भरतीला लागू होते आणि ते जिल्ह्याच्या एकूण पदांवर मोजले जाते, कोणत्या शाळेत बाई असाव्यात हे त्यातून ठरत नाही. खरी वाटणी बदल्यांत होते. जिल्हा परिषद शिक्षकांच्या २०१७ च्या बदली धोरणापासून विधवा, परित्यक्ता, कुमारिका, गंभीर आजारी आणि दिव्यांग शिक्षक विशेष संवर्ग भाग १ मध्ये, तर एकमेकांपासून ३० किलोमीटरपेक्षा दूर नोकरी करणारे पती-पत्नी भाग २ मध्ये येतात आणि त्यांना पसंतीची शाळा आधी मिळते. या सवलती रास्तच आहेत. त्याच धोरणात महिलांसाठी प्रतिकूल, म्हणजे जेथे बाईंची नेमणूक टाळायची अशा शाळांची यादी करण्याचीही तरतूद आहे आणि माझ्या मते खरी मेख तेथेच आहे. शाळा यादीत घालणे सोपे असते, पण रस्ता झाला, स्वच्छतागृह बांधले, तरी तिला बाहेर काढण्यासाठी आपणहून कोणी धडपडत नाही.

सह्याद्रीकन्या : मी स्वतः अवघड क्षेत्रातील शाळेत काम केले आहे, म्हणून लिहिते. अडचण शिकवण्याची नव्हती. गावात भाड्याने खोली मिळत नव्हती, सायंकाळची एसटी चुकली की वडापवाल्याची मनधरणी करावी लागे आणि शाळेचे स्वच्छतागृह असून नसल्यासारखे, कारण पाणी खालच्या विहिरीवरून आणावे लागे. माझ्याआधी तेथे दोन्ही गुरुजी होते, दोघेही तळमळीने शिकवणारे. तरीही पोटात दुखले किंवा कपडे खराब झाले तर मुली त्यांना न सांगता खिचडी शिजवणाऱ्या मावशींकडे जात. शाळेतील एकमेव बाई त्याच होत्या आणि त्यांना मिळणारे मानधन किती तुटपुंजे असते, हे येथे कोणाला सांगायला नको.

भाऊसाहेब_नगर : थोडे वेगळे मत मांडतो. दोन मंजूर पदांपैकी एक रिक्त असते तेव्हा पालकांना गुरुजी की बाई हा प्रश्न पडत नाही, कोणीतरी यावे एवढेच वाटते. बाईंची जागा राखून ठेवली आणि ती वर्षभर भरलीच नाही, तर चार वर्ग एकट्या गुरुजींच्या गळ्यात पडतील.

सह्याद्रीकन्या : राखून ठेवा असे मी म्हणतच नाही, राहण्याची आणि पाण्याची सोय करा, मग किती जणी पसंतिक्रमात ती शाळा लिहितात ते पाहा. मुख्याध्यापकपदाचेही असेच आहे. सेवाज्येष्ठतेने पदोन्नती येते, पण शाळा दूरची आणि घरी शाळकरी मुले, म्हणून माझ्या ओळखीतील कितीतरी शिक्षिकांनी ती लेखी नाकारली. कागदोपत्री तो त्यांच्या स्वेच्छेचा निर्णय ठरतो.

रानवाट : आभार. आमची शाळा प्रतिकूल यादीत आहे का, हे कोठे समजेल? येथे आता डांबरी रस्ता आहे आणि नळही आला आहे.

जुना केंद्रप्रमुख : पंचायत समितीच्या शिक्षण विभागात गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे विचारा. नाव असल्यास शाळा व्यवस्थापन समितीचा ठराव करून, रस्ता आणि नळाचे फोटो जोडून, जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे अर्ज द्या. कायद्यानुसार समितीत निम्म्या महिला असतात. ठरावावर त्यांच्या सह्या आवर्जून घ्या आणि हे सर्व बदल्यांचे वेळापत्रक जाहीर होण्यापूर्वी उरका.