प्रतिसाद: दोनच शर्ट, तरी वॉशिंग मशीन टब भरून पाणी घेतं

पीसीबी (मशीन चालवणारा इलेक्ट्रॉनिक बोर्ड) बदलायची घाई करू नका, मेकॅनिक काहीही सांगो. बहुतेक ऑटोमॅटिक टॉप लोडमध्ये (वरून कपडे टाकायच्या मशीनमध्ये) पाणी घ्यायच्या आधी खालची चकती कोरडीच थोडी फिरते. ती किती जड जाते त्यावरून मशीन लोड ठरवतं. म्हणजे कपडे आधीच भिजवून टाकले तर अंदाज चुकणारच. एकदा रिकामा टब लावून बघा. तरी पातळी जास्तच दाखवली, तर प्लग काढून चकती उघडा. नाणं, हुक, बाळाचा मोजा, काहीही निघतं! आमच्या सिडकोतल्या घरी बोअरच्या पाण्याचा पांढरा थर बसला होता, हाताने फिरवली की खरखर लागायची. पातळी बरोबर दाखवूनही पाणी थांबत नसेल, तर मात्र प्रेशर सेन्सरची (टबातलं पाणी किती भरलं ते ओळखणाऱ्या भागाची) बारीक नळी तपासा. तिच्यात साबणाचा गाळ अडकतो.