मदत हवी आहे: दोन्ही आडनावं लावायची तर राजपत्र लागतंच का?

नमस्कार ताईंनो. लग्नानंतर मला माहेरचं आडनाव ठेवून पुढे सासरचं जोडायचं आहे. मधलं नाव वडिलांचंच राहू द्यायचंय, ते बदलायला मन तयार नाही. घरी कुणाची हरकत नाही. कायद्यानंही लग्नानंतर नाव बदलायची सक्ती नाहीच.

अडचण कागदांची आहे. विवाह नोंदणी दाखल्यावर माझं लग्नाआधीचं नाव आणि नवऱ्याचं नाव आहे. जोडआडनाव त्यात कुठेच नाही. मग आधारसाठी हा दाखला पुरेल, की आधी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नावबदल छापून आणावा लागेल? आधारवर नाव दोनदाच बदलता येतं आणि त्यातली एक संधी स्पेलिंग दुरुस्तीत गेली आहे, म्हणून जास्त धास्ती वाटते.

दुसरं म्हणजे क्रम. आधार, मग पॅन, मग बँक आणि पीएफ असं ठरवलंय. मधल्या काळात आधार-पॅनवरची नावं जुळली नाहीत तर पगार किंवा रिटर्न अडकतो का? पदवी प्रमाणपत्रं जुन्याच नावाची राहतील, तिथे राजपत्राची प्रत जोडून भागतं का?

ज्यांनी जोडआडनाव घेतलंय त्यांनी प्लीज स्वतःचा अनुभव सांगा. एजंट नको, मला स्वतःच करायचंय.