ताशी ८० नंतरची पीपी आणि बाजूच्या सीटवरची बॅग : गाडीतले इशारे सौम्य करता येतील का?

नमस्कार. माझ्याकडे २०२१ साली घेतलेली पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना चालकाची एअरबॅग, पुढच्या दोन्ही सीटसाठी सीटबेल्टची आठवण, वेगाचा इशारा आणि मागचे पार्किंग सेन्सर बंधनकारक झाले, हे मला ठाऊक आहे आणि त्या नियमाशी माझे भांडणही नाही. माझ्या स्वतःच्या बेल्टचा आवाज तर मुळीच बंद करायचा नाही. प्रश्न उरलेल्या आवाजांचा आहे.

सर्वांत त्रासदायक इशारा वेगाचा. ताशी ८० किलोमीटर ओलांडले की गाडी थोड्या थोड्या वेळाने पीप करते आणि १२० नंतर तो आवाज अखंड होतो. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर घाट सोडला तर मोटारींना ताशी १०० ची आणि समृद्धी महामार्गावर सपाट भागात १२० ची मर्यादा आहे. म्हणजे कायदा पाळून चालवणाऱ्यालाही नागपूरपर्यंत ही पीपी ऐकावी लागते, मागे झोपलेले लहान मूल दर वेळी दचकते, आणि काही काळाने चालकाचे त्या आवाजाकडे लक्षच जात नाही, जे माझ्या मते अधिक धोक्याचे आहे. इशारा कायम ठेवून त्याचा आवाज तेवढा कमी करण्याची सोय कोणाच्या गाडीत आढळली आहे का? माझ्या गाडीच्या टचस्क्रीनवरील सेटिंगमध्ये तसा पर्याय नाही आणि गाणी ज्या स्पीकरवर वाजतात त्यांचा आवाज कमी केल्यानेही काही फरक पडत नाही, कारण पीपी स्पीडोमीटरच्या मागून येते.

दुसरा आवाज बाजूच्या सीटचा. तिथे लॅपटॉपची बॅग किंवा भाजीची भरलेली पिशवी ठेवली की सीटखालच्या सेन्सरला माणूस बसल्यासारखे वाटते. सध्या मी बॅगेवरून बेल्ट लावून टाकतो. यापेक्षा बरा उपाय असल्यास सांगावा. बॅग मागच्या सीटसमोर खाली ठेवावी, हा सल्ला घरातून रोज मिळतोच.

रिव्हर्स सेन्सरची तक्रार केवळ पावसाळ्यापुरती आहे. बंपरवर चिखल बसला की मागे काहीही नसताना तो वाजतो आणि पुसल्यावर गप्प होतो.

आतापर्यंत मिळालेल्या सल्ल्यांपैकी बकलमध्ये खोटी क्लिप अडकवण्याचा सल्ला मी बाजूला ठेवला आहे. बेल्ट लावला आहे असा गाडीचा समज झाल्यावर पुढची आठवणच संपते, आणि बेल्ट नसलेल्या माणसाला उघडणारी एअरबॅगच इजा करू शकते. अशा क्लिपा विकण्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ऑनलाइन विक्रेत्यांविरुद्ध आदेशही दिले होते. गॅरेजमधल्या एका कारागिराने फ्यूज काढण्याचे सुचवले, परंतु त्याच फ्यूजवर स्पीडोमीटर आणि इंडिकेटरही असतील तर ते परवडणार नाही. सीटखालची पिवळी वायर तोडण्याचे धाडसही मी करणार नाही, कारण तो रंग सहसा एअरबॅगच्या जोडणीचा असतो.

म्हणून जाणकारांना विचारायचे ते असे. ओबीडी पोर्टला (गाडीतले बिघाड तपासण्यासाठी असलेल्या जोडणीला) उपकरण जोडून कोडिंगद्वारे, म्हणजे गाडीच्या सॉफ्टवेअरमधली सेटिंग बदलून, वेगाच्या इशाऱ्याचा आवाज कोणी कमी केला आहे का, आणि त्यानंतर वॉरंटी किंवा विम्याच्या दाव्यात अडचण आली का? स्पीडोमीटरच्या मागच्या बझरवर फोमचा तुकडा किंवा जाड टेप लावून आवाज दबवण्याचा प्रयोग कोणी केला असेल, तर बेल्ट आणि दार उघडे असल्याचे इशारे त्यानंतरही नीट ऐकू येतात का, तेही कळवावे. गाडीचे मॉडेल आणि वर्ष लिहिल्यास तुलना करणे सोपे जाईल. अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी परवानगी घेऊन हे काम करून घेतलेले कोणी असल्यास त्यांचा अनुभव मला सर्वांत उपयोगी पडेल.