ड्रॉप बारवर करंगळी बधिर होते, नवा बार घेऊ का?

गंगापूर_रोड

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं हायब्रिड चालवली, दिवाळीनंतर ओळखीतून एक वापरलेली रोडबाइक घेतली, खाली वळलेल्या हँडलची, म्हणजे ड्रॉप बारची. फ्रेम ५० ची, गिअर शिमानो क्लॅरिसचे, पळते झकास. पण त्र्यंबकला निघाले की महिरावणी येईस्तोवर डाव्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट बधिर. परतीला मान, खांदे भरून येतात. खाली ड्रॉप्समध्ये (बारच्या खालच्या वळलेल्या भागात) हात न्यायची तर हिंमतच होत नाही, तिथून बोटं ब्रेकपर्यंत पोचत नाहीत.

माझी उंची ५ फूट ३ इंच, वजन ५८. बारवर ४४ (सेंटीमीटर रुंदी) आणि स्टेमवर, म्हणजे बार धरणाऱ्या पुढच्या तुकड्यावर, ११० (मिलिमीटर लांबी) लिहिलंय, आधीचे मालक चांगले उंच होते. ग्रुपमधल्या एका दादांनी "हात जवळ येतील" म्हणून अख्खा बार वर फिरवून दिला, आता हूड, म्हणजे ब्रेक लिव्हरच्या रबरी मुठी, आकाशाकडे बघतायत. सीटचं नाक थोडं खाली केलंय, नाहीतर टोचतं. जेलचे ग्लव्हज आणले, फरक शून्य. दुकानदार म्हणतो नवा बार घ्या. घेऊ?

कटिंग_हाफ

फ्लॅट बार लावा आणि मोकळ्या व्हा. आम्ही साध्या हँडलवर लोणावळा करून येतो, कसली करंगळी नि कसलं काय.

जुना_पाना

कटिंगराव, फ्लॅट बार म्हणजे शिफ्टर आणि ब्रेक लिव्हर दोन्ही नवे, पुढचा डिरेलर (चेन सरकवून गिअर बदलणारा भाग) जुळेल की नाही ही वेगळी कटकट. एवढं करून हात ठेवायला जागा एकच. जाऊ द्या.

ताई, बार घ्यायचाच असेल तर सगळ्यात शेवटी. हात दुखला की सगळे हँडलकडे बघतात, मी आधी सीटकडे बघतो. नाक खाली असलं की आपण पुढे घसरतो आणि सावरायचं काम दोन्ही तळव्यांवर येतं, तासन्‌तास भिंत ढकलत बसल्यासारखं. ग्लव्हज त्याला काय करणार? सायकल सपाट फरशीवर उभी करा आणि मोबाईलमधलं लेव्हल लावून सीट समतल करा. आता टोचेल म्हणाल. टोचतं ते बहुधा बार लांब असल्यामुळे, कंबर ताणून पुढे वाकावं लागतं म्हणून. ५० च्या फ्रेमवर ११० चा स्टेम, त्यात तुमची उंची. गोष्ट जुळतेय.

मग सीट पुढे-मागे. रस्ता मोकळा बघून, हूडवर हात ठेवून जरा जोरात पेडल मारा आणि तळवे क्षणभर बोटभर उचला. धड जागच्या जागी राहिलं तर ठीक. तोंडावर यायला झालं तर सीट थोडी मागे न्या. १ सेंटीमीटर मागे नेलीत तर उंची दोन-तीन मिलिमीटर उतरवा, नाहीतर पाय ताणले जातात.

सीट मागे गेली की बार आणखी लांब जाणार. म्हणून स्टेम आखूड हवा, ८० किंवा ९०. बारची मधली जाडी ३१.८ मिलिमीटर आहे ना ते बघून घ्या. हल्ली बहुतेक तीच असते, पण जुन्या सायकलींना २६ किंवा २५.४ निघते. स्टेमला सहा-सात अंशांचा कोन असतो. तो उलटा बसवला की बार साधारण दोन सेंटीमीटर वर येतो, फुकटात. काम करताना आधी स्टेमचे बाजूचे बोल्ट ढिले, मग वरची टोपी. बसवताना उलट: टोपी एवढीच आवळा की पुढचा ब्रेक दाबून सायकल हलवली तर हेडसेटमध्ये (हँडल फिरतं त्या बेअरिंगमध्ये) खडखड नको आणि हँडल मात्र अलगद फिरलं पाहिजे. त्यानंतर बाजूचे बोल्ट, आलटून पालटून, स्टेमवर छापलेल्या न्यूटन-मीटरपर्यंत. बहुतेकांवर ५ असतं. फोर्कची नळी कार्बनची असेल तर अंदाजपंचे आवळायचं नाही, टॉर्कचा पाना मागून आणा.

आता त्या दादांची कारागिरी. बार वर फिरवला की मनगट मागे मुडपतं, तळव्याचा करंगळीकडचा भाग हूडवर दाबला जातो आणि ड्रॉप्स कुठल्या कुठे जातात. बार परत खाली फिरवा. खालची टोकं मागच्या ब्रेकच्या दिशेला आली की साधारण बरोबर. मग हूड. बारचा वरचा उतार आणि हूडची पाठ यांवर पट्टी ठेवली तर मध्ये खड्डा नको, उंचवटा नको. कुणाशी हात मिळवताना मनगट सरळ असतं ना, हूड धरल्यावर तसंच हवं. टेप मधल्या बाजूने हूडपर्यंत उकलावी लागेल. हूडचं रबर मागून दुमडलं की बाहेरच्या अंगाला ५ ची ॲलन की लागणारा बोल्ट दिसतो. तो अर्धा फेरा ढिला करून लिव्हर सरकवा. लिव्हर वर गेली की केबल ताणते, तेव्हा हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. हे मात्र विसरू नका.

हूडला एवढा वेळ का, तर लांबच्या राइडला हात बहुतेक वेळ तिथेच असतात. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायच्या लांब राइडला, साडेतेरा तास मिळतात. मी ड्रॉप्स धरतो ते समोरचा वारा आणि खंबाटकीच्या उतारापुरते.

रुंदी: खांद्याच्या हाडापासून हाडापर्यंत टेप लावा. ३७-३८ निघाले तर ४४ तुम्हाला खरंच रुंद आहे, पुढेमागे ४० चा बघा, रीच (बार पुढे किती जातो ते) ७०-७५ मिलिमीटरचा, आखूड. पण वरचं सगळं झाल्यावर. आणि एका वेळी एकच बदल, नाहीतर कशाने गुण आला ते कळत नाही.

हवा किती भरता?

गंगापूर_रोड

बापरे, एवढं! धन्यवाद दादा. टायर २५ चे (मिलिमीटर), हवा ११० पीएसआय. टायरवर १२० लिहिलंय म्हणून.

जुना_पाना

तो आकडा कमाल मर्यादेचा. ५८ किलोला ७५ पुष्कळ झाली. २८ चे टायर फ्रेममध्ये बसत असतील तर पुढच्या वेळी तेच घ्या, त्यात अजून कमी चालते.

फिजिओ_कोथरूड

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट म्हणजे अल्नर नस. ती मनगटापाशी करंगळीच्या बाजूने जाते, जुना_पाना म्हणतायत तिथेच दाब येतो. अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असती तर वेगळी नस, वेगळं कारण. कोपर ताठ ठेवू नका, किंचित वाकवा, आणि दर काही मिनिटांनी हाताची जागा बदला. अंगठा आणि तर्जनीच्या कडेत सपाट कागद धरा आणि कुणाला तरी ओढायला सांगा. डाव्या हाताची पकड सुटत असेल किंवा अंगठ्याचं पेर दुमडत असेल, तर पाना बाजूला ठेवून आधी डॉक्टर. राइड संपून दुसऱ्या दिवशीही बधिरपणा राहिला तरी तेच.

गंगापूर_रोड

कागद दोन्ही हातांनी घट्ट धरला जातोय. काल सीट समतल केली, बार खाली फिरवला, हवा ७५. आज महिरावणी ओलांडून गेले तरी बोटं जागी होती! त्र्यंबकला पोचेपर्यंत मुंग्या आल्याच, पण बधिर नाही. खांदे अजून दुखतात. ९० चा स्टेम मागवलाय. ड्रॉप्समधून ब्रेक मात्र अजून लांबच वाटतो.

जुना_पाना

खांद्यांचं स्टेम आल्यावर बोलू. ब्रेकचं म्हणाल तर नव्या क्लॅरिसच्या लिव्हरला रीच, म्हणजे बारपासून लिव्हरचं अंतर, कमी करायचा बारीक स्क्रू असतो, थोडा थोडा फिरवा. लिव्हर जवळ आली की ब्रेक पूर्ण दाबून बघा: बारला टेकायच्या आत चाक थांबलं पाहिजे, नाहीतर केबल ओढून घ्यावी लागेल. हे घरासमोरच तपासा, उतारावर नको.

कटिंग_हाफ

माझ्याही सीटचं नाक खालीच निघालं राव. समतल करतो आज.