मोबाईलला रेंज नसलेल्या रानात स्कॅनर न्यायचा का?

रानवेडा
मंडळी, लांबच्या ट्रेकला चाललोय, रस्ता नाही, मोबाईलला टिपूस रेंज नाही. घरी एक जुना हॅन्डहेल्ड स्कॅनर (रेडिओवर चाललेलं इतरांचं बोलणं ऐकायचा हातातला रेडिओ) पडून आहे, अ‍ॅनालॉगच. नेऊ का, की उगाच ओझं? हवामान कळेल, आजूबाजूला काही घडत असेल तर कानावर येईल असं वाटतंय. आणि अडकलोच तर काही उपयोग होईल का त्याचा?

कानोसा
शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, नाही. स्कॅनर फक्त ऐकतो, त्यातून हाक मारता येत नाही. अडचणीसाठी पीएलबी (संकटात मदतीचा संदेश पाठवणारा छोटा बीकन) वेगळा घे, तो 406 मेगाहर्ट्झवर थेट उपग्रहाला कळवतो. कुणी सांगेल 121.5 वर पण चालतं म्हणून, पण उपग्रहांनी ती फ्रिक्वेन्सी ऐकणं 1 फेब्रुवारी 2009 पासून बंद केलंय. आता विमानं ऐकतात, आणि शोधपथक जवळ आल्यावर नेमकी जागा हुडकायला वापरतं.

बाकी ऐकायला मजा आहे, नेच.

अँटेनावाला
नेच म्हणणं सोपंय हो, पण दरीत तंबू ठोकून स्कॅनर लावला तर खरखर सोडून काही येणार नाही. व्हीएचएफ (30 ते 300 मेगाहर्ट्झच्या रेडिओलहरी) साधारण सरळ रेषेत जातं, मधे डोंगर आला की संपलं. खिंडीत किंवा धारेवर पोचलात की दहा मिनिटं लावा, ऐका, बंद करा, बॅटरी पण वाचते. आणि सोबत येणारी ती आखूड रबरी अँटेना घरी ठेवा. 146 मेगाहर्ट्झच्या आसपास ऐकायचं असेल तर पाव तरंगलांबी म्हणजे 51 सेंटीमीटर, तेवढी लवचिक चाबकासारखी अँटेना मिळते, सॅकच्या बाजूला खोचली की झालं, फरक लगेच कानाला कळतो.

कानोसा
+1. अजून एक, रिपीटर असेल तर त्याची आउटपुट फ्रिक्वेन्सी भरा. खालच्या माणसाचा वॉकीटॉकी तुम्हाला ऐकू येणार नाही पण शिखरावरचा रिपीटर तेच बोलणं लांबवर फेकतो. वणव्याच्या दिवसांत याचा खरा फायदा, आग कुठल्या बाजूला सरकतेय, कुठली वाट बंद केली हे धूर दिसायच्या आधी कळू शकतं. अर्थात ते लोक अ‍ॅनालॉगवर बोलत असतील तरच, डिजिटल किंवा एन्क्रिप्टेड असेल तर तुमच्या डब्यात नुसता घरघराट.

रानवेडा
भारी! मग भरू काय काय? याच्यात पाचशे चॅनेल बसतात.

अँटेनावाला
पाचशे कशाला, पंधरा-वीस पुरे. जास्त भरले की स्कॅनर गावभर फिरत बसतो आणि ज्या चॅनेलवर बोलणं चाललंय तिथे पोचेपर्यंत बोलणं संपलेलं असतं. तिकडच्या वनखात्याचे, बचावपथकाचे, हॅम (हौशी रेडिओवाले) लोकांचे रिपीटर, आणि विमानांचा पट्टा 118 ते 137. विमानं एएमवर बोलतात हां, मोड एफएम राहिला तर शब्द लागणार नाहीत. अमेरिकेत जात असाल तर 162.400 ते 162.550 मधले सात हवामान चॅनेल आहेत, चोवीस तास चालू. बाकी देशांत असं असेलच असं नाही, निघायच्या आधी बघून ठेवा. ऐकायला परवानगी आहे का हेही बघा, काही देशांत नुसता स्कॅनर जवळ सापडला तरी भानगड होते.

थंडगार
बॅटरीचं कुणी बोललंच नाही. थंडीत अल्कलाइन सेल लगेच मान टाकतात, लिथियम डबल ए घ्या, उणे 40 पर्यंत चालतात आणि हलके पण असतात. फक्त काही स्कॅनरना सेलच्या कप्प्यात एक बारीकसा खटका असतो, रिचार्जेबल की साधे, तो साध्यावरच ठेवा नाहीतर चार्जरला जोडल्यावर तो लिथियम सेल चार्ज करायला बघेल आणि ते धोक्याचं आहे. रात्री स्कॅनर आणि सेल दोन्ही स्लीपिंग बॅगेत.

रानवेडा
आणि समजा 121.5 वर खरंच कुणाचा बीकन वाजताना ऐकला तर?

कानोसा
घसरत जाणाऱ्या सायरनसारखा आवाज येतो, चुकणार नाही. स्कॅनर छातीशी धरून सावकाश गोल फीर, आवाज सगळ्यात कमी होईल तिथे थांब, बीकन साधारण तुझ्या पाठीमागे, कारण मधे तुझं अंग आडवं येतंय. वेळ, जागा, दिशा लिहून ठेव आणि कळवायची सोय असेल तिथून लगेच कळव. एकट्याने शोधायला जाऊ नकोस मात्र.

रानवेडा
ओके, पीएलबी बघतो आधी. लांब अँटेनाला कनेक्टर कुठला लागतो, बीएनसी की एसएमए? माझ्याकडे फिरवून अडकतो तो आहे.

अँटेनावाला
दाबून पाव वळसा दिला की अडकत असेल तर बीएनसी.